साका निघणार नाही ना?

आंब्याची हमी का देत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या रस्त्याला आमचा आंब्याचा स्टॉल आहे. पेटी उघडली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "साका निघणार नाही ना?" मी म्हणतो, "सांगता येत नाही." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "धंद्याला बसून असं कसं बोलता हो?"

साका म्हणजे काय ते आंबेवाल्याला विचारा. वरून फळ देखणं, वासाने स्टॉल भरलेला, आणि कापलं की कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. सालीवरून काही कळत नाही. हापूसची ही जुनी खोड. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला, त्यात साका होत नाही. पण लोकांना हापूसच हवा. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने आंबा कुठला ते कळतं, आतलं कळत नाही.

एक मात्र बागवाल्याला कळतं. आंबा उन्हाच्या आधी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून काढावा आणि लगेच सावलीत न्यावा. तापलेल्या कातळाची धग लागली की साक्याची भीती वाढते.

काही वर्षांपूर्वी मुंबईची गाडी भरायची घाई होती म्हणून आम्ही भर दुपारी तोड केली. फळं तासभर कातळावर पडून होती. त्यातल्या दोन पेट्या स्टॉलवर राहिल्या. लांज्याकडचे एक काका आले. लेकीचं लग्न होऊन पहिलंच वर्ष, विहिणीकडे पेटी द्यायची होती. त्यांनी विचारलं, "साका नाही ना?" मी म्हटलं, "छे हो काका, घरच्या बागेतला आहे." बोलताना माझा हात सुतळी आवळत होता. मान वर करून मी त्यांच्याकडे बघितलं नाही, हे मला अजून आठवतं.

घरच्या बागेतला होता, यात खोटं काहीच नव्हतं. हेच मला जास्त लागतं. खऱ्या वाक्याच्या आड मी लपलो.

पुढच्या मे महिन्यात काका परत आले. आवाज न चढवता म्हणाले, "विहीणबाई काही बोलल्या नाहीत. लेक फोनवर रडली." मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! आतलं कुणाला दिसतं? पण मी सांगितलं, "नक्की माहीत नव्हतं, पण शंका होती. दुपारची तोड होती ती." पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. पाणी प्यायले आणि गेले.

तेव्हापासून "सांगता येत नाही" म्हणतो. त्याच आढीतलं एक फळ समोर कापून दाखवतो, पण बाकीच्यांची हमी देत नाही. दहातले दोन-तीन जण पुढच्या स्टॉलवर जातात, तिथे "गॅरंटी" मिळते. जाणारी गाडी बघताना पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू? बायकोही म्हणते, इतकं सांगायची काय गरज. मुलांच्या फीचा हिशोब तीच ठेवते, तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

गेल्या वर्षी काकांचा फोन आला. साक्याचं विचारलंच नाही. म्हणाले, "आंबा कधी काढलात?"

"आज सकाळी सातला, काका."

"मग दोन पेट्या ठेवा."