केपटाउनमध्ये टुटूंच्या मागावर

केपटाउनला लोक टेबल माउंटनसाठी जातात. मी वाट वाकडी केली ती सेंट जॉर्ज कथीड्रलसाठी. दक्षिण आफ्रिकेची संसद इथून हाकेच्या अंतरावर. वर्णभेदाचे कायदे करणारे आणि ते धुडकावणारे एकमेकांच्या इतके शेजारी होते, हे तिथं पायी फिरल्यावरच डोक्यात शिरलं.

वर्णभेदाविरुद्ध लढलेले धर्मगुरू डेस्मंड टुटू १९८६ ते १९९६ इथले आर्चबिशप होते, या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय. १३ सप्टेंबर १९८९ला सुमारे ३०,००० लोकांचा शांतता मोर्चा इथूनच निघाला. टुटूंची रक्षा आता मुख्य वेदीसमोर पुरलेली आहे. शवपेटीसुद्धा त्यांनी स्वस्तातलीच मागितली होती : साधं पाइनचं लाकूड, कड्यांच्या जागी दोर.

‘क्षमा’ म्हटलं की मी जरा सावध होतो. ज्याचं सगळं गेलं, मोठं मनही त्यानंच दाखवायचं? पण वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या, टुटूंच्या सत्य व सलोखा आयोगात माफी फुकट नव्हती. गुन्हा राजकीय हेतूनं घडलेला हवा आणि त्याची पूर्ण कबुली द्यायला हवी. ७,११२ अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन शहरात सुनावणी सुरू झाली, तेव्हा एका पीडिताची साक्ष ऐकताना अध्यक्ष टुटू टेबलावर डोकं टेकून रडले. भरपाईचं मात्र घोडं अडलं. २००३मध्ये सरकारनं पीडितांना एकरकमी ३०,००० रँड देऊ केले. आयोगाची शिफारस त्याहून बरीच जास्त होती. टुटूंनी ही नाराजी लपवली नाही.

आणि तरी हा माणूस खळखळून हसायचा! आधी हशा पिकवायचा, मग मर्मावर बोट ठेवायचं, अशी कसलेल्या कीर्तनकाराची हातोटी. १९८५मध्ये जोहान्सबर्गजवळच्या दुदुझा वस्तीत पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून जमाव एकाला जाळायला निघाला होता. टुटू मध्ये घुसले आणि त्याला वाचवलं. २०१०च्या फुटबॉल विश्वचषकाआधी सोवेटोच्या स्टेडियममध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, मंचावर नाचणारेही तेच.

स्वकीयांनाही त्यांनी सोडलं नाही. २०११मध्ये त्यांच्या ८०व्या वाढदिवसाला दलाई लामांना वेळेत व्हिसा मिळाला नाही, तेव्हा टुटू कडाडले : हे सरकार वर्णभेदी सरकारपेक्षा वाईट, एक दिवस आम्ही सत्ताधारी पक्षाच्या पराभवासाठी प्रार्थना करू. तो पक्ष मंडेलांचा होता.