घमेल्यापासून थापीपर्यंत: नवा गडी साइटवर टिकतो कसा

‘पोरं कामाला येतच नाहीत’ ही तक्रार आज कुठल्याही छोट्या ठेकेदाराच्या तोंडी आहे. पण मजूर नाक्यावर सकाळी सातला उभं राहून पाहा. पोरं येतात. महिना-दोन महिने घमेली उचलतात आणि मग सिक्युरिटी गार्डच्या नाहीतर डिलिव्हरीच्या कामाला निघून जातात. तिथे अंग कमी मोडतं हे एक कारण झालं. दुसरं मोठं कारण म्हणजे बिगारी म्हणून लागलेल्या पोराला थापी हातात कधी मिळणार, हे त्याला कोणीही सांगत नाही. कोणी दोन वर्षांत शिकतो, कोणी दहा वर्षं माल कालवत राहतो, आणि ते सगळं गवंड्याच्या मर्जीवर.

यात गवंड्याला दोष देऊन चालणार नाही. त्याला काम ब्रासच्या भावाने मिळतं, म्हणजे जेवढं बांधेल तेवढ्याचेच पैसे. शिकाऊ पोराच्या हातात थापी दिली की त्याचा वेळ जातो, भिंत वाकडी गेली तर पाडून परत बांधायची तीही त्याच्याच खर्चाने, आणि वर हाताखालचा बिगारी कमी होतो. असं असताना तो का शिकवेल? म्हणून नवी माणसं तयार करायची असतील तर पहिला खर्च गवंड्यावर करा. रोज संध्याकाळचा एक तास शिकवण्याचा ठरवा आणि त्याचे पैसे हजेरीत वेगळे लिहा. पोरगा पुढच्या पायरीवर गेला की गवंड्यालाही ठरावीक रक्कम द्या. हे न करता काढलेले ‘ट्रेनिंग’चे फलक भिंतीवरच राहतात.

पहिला आठवडा थापीचा नाही, मापाचा. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे ३५ लिटर. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची पेटी बरोबर तेवढीच असते. १:६ म्हणजे सिमेंटच्या एका गोणीला वाळूच्या सहा पेट्या. घमेली मोजून हे जमत नाही, कारण कोणाचं घमेलं सपाट तर कोणाचं शीगोशीग. वाळू ओली असली की फुगते, क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळूही फुगते. नव्या माणसाला हे सांगण्यापेक्षा दाखवा. काचेच्या उभ्या बरणीत ओली वाळू २० सेंटिमीटरपर्यंत भरा, पाणी ओता, ढवळा आणि बसू द्या. १६ सेंटिमीटरवर आली तर वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती, म्हणजे सहाच्या जागी साडेसात पेट्या लागतील. हा प्रयोग एकदा डोळ्यांनी पाहिलेला पोरगा मापाची पेटी बाजूला टाकत नाही. कालवलेला माल अर्ध्या तासात संपला पाहिजे. घट्ट झालेल्या मालात परत पाणी घालायचं नाही, हेही याच आठवड्यात पक्कं व्हावं.

याच आठवड्यात हेल्मेट, गमबूट आणि रबरी हातमोजे त्याच्या मापाचे द्या. ओलं सिमेंट कातडी जाळतं. बुटात गेलेला माल दिवसभर तसाच राहिला तर संध्याकाळपर्यंत पायाला जखमा होतात. दुपारच्या सुट्टीत हात-पाय साध्या पाण्याने धुण्याची सोय लागतेच. जखमा घेऊन घरी गेलेला पोरगा परत येत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून सरावाची भिंत. साइटच्या कडेला दोन मीटर लांब, एक मीटर उंच, नऊ इंची भिंत बांधायला सुमारे २०० विटा लागतात. माल सिमेंटचा वापरू नका. चाळलेली माती किंवा चुना-वाळू घ्या, म्हणजे भिंत उतरवून त्याच विटा पुन्हा वापरता येतात. विटा आधी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि वरचं पाणी निथळू द्या. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. आधी दोन्ही टोकं तीन-चार थर उचलायची, मग दोरी ताणायची आणि मधले थर भरायचे. एका थरात विटेची लांब बाजू बाहेर दिसते, पुढच्या थरात आखूड बाजू. कोपऱ्याजवळ लांबीत उभी कापलेली अर्धी वीट बसवली नाही तर सांधेमोड होत नाही, सांध्यावर सांधा येतो.

चुका जवळपास ठरलेल्या असतात. वीट दोरीला टेकते, दोरी बाहेर ढकलली जाते आणि सगळा थर पोट काढतो. वीट दोरीपासून केसभर आत हवी. दुसरी चूक ओळंब्याची, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायच्या दोरी-वजनाची. पोरं पाच थर झाले की ओळंबा लावतात. तोवर चूक बसून गेलेली असते. शिकताना प्रत्येक थराला लावायचा. ओळंब्याचा लाकडी ठोकळा वर भिंतीला टेकवून लोळक (दोरीच्या टोकाचं वजन) खाली सोडला की तो भिंतीला जेमतेम चाटून जावा. भिंत आणि लोळक यांत फट दिसली तर भिंत वर बाहेर झुकली आहे. लोळक भिंतीवर टेकून राहिला तर ती वर आत गेली आहे. तीन मीटर उंचीला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणून सरावाच्या भिंतीला मीटरमागे २ मिलिमीटर धरा.

तिसरी चूक मात्र दिसत नाही आणि तीच सगळ्यात महागात पडते: उभे सांधे पोकळ राहणं. शिकाऊ माणूस विटेच्या कडेला मालाची पट्टी लावतो आणि वीट सरकवतो. बाहेरून सांधा भरलेला दिसतो, आत पोकळ असतो. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीतून पाणी आत येतं, आणि दोष प्लास्टर करणाऱ्याला जातो. तपासायला सोपं आहे: सरावाची भिंत उतरवताना प्रत्येक विटेचं डोकं, म्हणजे आखूड बाजू, पाहा. माल सगळीकडे चिकटलेला हवा. भिंत पाडताना गवंडी आणि पोरगा दोघांनी एकत्र पाहायचं, कारण खरं शिकणं तिथेच होतं.

दिवसाला १५० विटा ओळंब्यात आणि पूर्ण भरलेल्या सांध्यांनी बसू लागल्या की त्याला खऱ्या भिंतीवर घ्या, आधी कंपाउंड किंवा पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर). वेगाची घाई नको. अनुभवी गवंडी पाचशेच्या आसपास विटा लावतो, तिथवर जायला वेळ लागणारच. पण १५०ला पोचल्याच्या दिवशी हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, वाढली पाहिजे. ‘अर्धा गवंडी’ हे नाव साइटवर आहेच, त्याला ठरलेला दर जोडा आणि तो हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एएसी ब्लॉकच्या (हलक्या, मोठ्या सिमेंट ब्लॉकच्या) साइटवर पोरगा लवकर कामाला येतो, कारण तिथे केमिकलचा (चिकटवायच्या तयार मालाचा) सांधा जेमतेम ३ मिलिमीटर आणि एका ब्लॉकमध्ये भिंतीचा मोठा भाग होतो. पण पहिला थर लेव्हलमध्ये नसेल तर एवढ्या पातळ सांध्यात पुढे काहीच सुधारता येत नाही. विटेवर हात बसलेला माणूस ब्लॉकवर सहज जातो, उलटं जड जातं. प्लास्टर सहा महिन्यांनंतर द्या. मनगट तयार नसताना दिलं की नीरूवर (प्लास्टरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) लाटा उठतात आणि पोरगा खचतो.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. साइटवर निम्म्या घमेल्यांखाली बायका असतात आणि थापी त्यांतल्या कोणाच्याच हातात नसते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत योजनेतली शौचालयं बांधायला गावोगावच्या बायकांना गवंडीकाम शिकवलं, त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. आपल्याकडे अडतं ते बंद होणाऱ्या दाराच्या शौचालयापाशी आणि लेकराला सावलीत ठेवायच्या जागेपाशी. या दोन सोयी करा. वर्षानुवर्षं माल कालवणाऱ्या बाईला मालाचं प्रमाण बऱ्याच गवंड्यांपेक्षा चांगलं कळतं, तिला पहिल्या आठवड्याचा धडाही लागणार नाही.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला १८ ते ६० वय आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला ठेकेदार देऊ शकतो, तरी बरेच जण अंगावर काही येईल या भीतीने टाळतात, आणि मग पोरं एजंटला पैसे देतात. नव्वदावा दिवस भरला की मागायची वाट न पाहता दाखला हातात ठेवा. मंडळाच्या योजनांमध्ये मुलांची शिष्यवृत्ती आहे, आणि त्यासाठी घरचे लोकच पोराला ‘काम सोडू नको’ म्हणतात. नूतनीकरण दरवर्षी असतं, तेही वहीत तारीख टाकून लक्षात ठेवा.

शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, त्याहून लहानांना चार माणसांपासून ऐच्छिक. आयटीआयचा गवंडी ट्रेड एक वर्षाचा आहे. जवळच्या आयटीआयच्या शिक्षकांना साइटवर बोलवा, सरावाची भिंत दाखवा, पगाराच्या पायऱ्या दाखवा. पोरं तिथूनच येतील.

राहिली उचल. सणाच्या आधी मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवायची पद्धत नव्या पोरावर वापरू नका. तो उचल बुडवून पळतो किंवा फेडण्यापुरता राहतो, दोन्हीकडून शिकणं थांबतं. पगार शनिवारी, ठरलेल्या वेळी, त्याच्या खात्यात. त्याच्याजवळ एक कार्ड ठेवा: दिवस, मिळालेली रक्कम, बाकी, आणि खाली तो कोणत्या पायरीवर आहे ते.