नायट्रोजननंतरची खाच

शाळेच्या अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत मँगनीजच्या खनिजाच्या नमुन्यांची वही तपासत होते. शाळेची इमारत, मैदान, स्नेहसंमेलने यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला एकाच शिक्षकांविषयी लिहायचे आहे आणि खरे सांगायचे तर त्यांच्याही एकाच तासाविषयी. १९८३ साली अकरावीला रसायनशास्त्र शिकवणारे सर कोण, हे त्या काळच्या कोणालाही सांगावे लागणार नाही. स्वतःचे नाव छापून आलेले त्यांना कधी रुचले नाही, म्हणून ते येथेही लिहीत नाही.

अणुरचना शिकवताना सर घाई करीत नसत. लिथियमपासून निऑनपर्यंत एकेक इलेक्ट्रॉन वाढत जातो, मग अणू मोठा होण्याऐवजी लहान का होत जातो, असे विचारून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहत आणि वर्गातून कोणीतरी तोंड उघडेपर्यंत बाहेर पाहत असत. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, केंद्रकात मात्र दर वेळी एक प्रोटॉन वाढतो आणि सगळ्यांनाच आत ओढतो, हे उत्तर शेवटी आमच्यापैकीच कोणाकडून तरी निघत असे. ते ऐकल्यावरच सर खडू हातात घेत.

त्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या आवर्तातील, म्हणजे आवर्त सारणीच्या दुसऱ्या आडव्या ओळीतील, आठ मूलद्रव्यांच्या आयनीकरण ऊर्जेचा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा, आलेख काढून आणायला सांगितला होता. आकडे मला अजून पाठ आहेत : लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१ आणि निऑन २०८१ किलोज्यूल प्रति मोल. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना ही ऊर्जा वाढत जाते, असे सरांनीच सांगितले होते. माझी रेघ मात्र बोरॉनपाशी खाली घसरली आणि ऑक्सिजनपाशी पुन्हा घसरली. फळ्यावरून उतरवताना माझीच चूक झाली असावी, असे समजून मी ते दोन बिंदू खोडले, बोरॉनला थोडे वर चढवले, ऑक्सिजनला नायट्रोजन आणि फ्लोरिन यांच्या मधोमध बसवले आणि एक सुबक चढती रेघ काढून वही दिली. आलेख इतका देखणा झाला होता की मैत्रिणीने त्यावरून आपला काढला.

सरांनी आलेखाचा कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. खोडलेल्या बिंदूंचे वळ त्यांना दिसले.

“हे काहून केलंस, पोरी?”

मी निमूटपणे उत्तर दिले की आकडे नियमात बसत नव्हते. शिवाय आदल्याच तासाला ऐकलेली गोष्ट माझ्या डोक्यात ताजी होती, म्हणून थोडे धाडस करून म्हणाले, “सर, मेंडेलीव्हनेही दुसऱ्याचा आकडा चुकीचा ठरवला होताच ना?”

गोष्ट गॅलियमची होती. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ साली आवर्त सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. ॲल्युमिनियमच्या खाली त्याने एक घर रिकामे सोडले आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असेल, असे नंतर सांगून ठेवले. १८७५ साली फ्रान्समध्ये बुआबोद्राँ यांना ते सापडले, पण त्यांनी मोजलेली घनता ४.७ भरली.

सर माझ्यावर रागावले नाहीत. ते म्हणाले, “मेंडेलीव्हनं आकडा खोडला नाही. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा, असं कळवलं. त्यांनी मोजला, तेव्हा ५.९ आला. तू पुन्हा मोजलंस का?” आणि लगेच पुढे म्हणाले, “टेल्युरियमच्या बाबतीत तोही चुकलाच की.” टेल्युरियम आयोडीनच्या आधी बसते, पण त्याचे अणुवस्तुमान आयोडीनपेक्षा अधिक आहे, मेंडेलीव्हला ते वस्तुमानच चुकीचे वाटत होते. आकडा बरोबर होता. क्रम वस्तुमानावर नव्हे तर अणुअंकावर, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवर ठरतो, हे १९१३ साली हेन्री मोजले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले तेव्हा कुठे तो गुंता सुटला. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोजले पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. हे सांगताना सरांचा आवाज दर वर्षी बदलत असे, असे आमच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांनीही मला सांगितले आहे.

मग त्यांनी माझ्या आलेखातली ती घसरण, ती खाच, समजावली. बोरॉनचे कारण दोन वाक्यांत उरकले : त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या 'पी' उपकवचात, म्हणजे त्याच कवचातल्या वेगळ्या कप्प्यात जातो, म्हणून तो काढायला सोपा. ऑक्सिजनसाठी मात्र त्यांनी आम्हाला कल्पनेनेच उन्हाळ्यातल्या गच्चीवर नेले. बाजा म्हणजे 'पी' उपकवचातल्या तीन जागा आणि झोपणारे म्हणजे इलेक्ट्रॉन. गच्चीवर तीन बाजा टाकल्या आहेत आणि झोपणारे तिघे आहेत, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र बाज. हा झाला नायट्रोजन. चौथा पाहुणा आला की त्याला कोणाच्या तरी बाजेवर दाटीवाटीने झोपावे लागते. “रात्री कोणी हाक मारली, तर यातला कोण आधी उठून जाईल?” वर्ग हसला. मला तो आलेख पुन्हा काढावा लागला आणि मैत्रिणीलाही.

पुढे माझा संसार मँगनीजवर चालला, हा योगायोगच म्हणायचा. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर-कांद्रीकडचे काळे खनिज गेली अनेक वर्षे माझ्या टेबलावर येते आहे. मँगनीजच्या 'डी' उपकवचातल्या पाचही बाजांवर एकेकच झोपलेला असतो, म्हणून त्याचा तिसरा इलेक्ट्रॉन काढायला ३२४८ किलोज्यूल लागतात आणि शेजारच्या लोखंडाला २९५७ च पुरतात. तीच खाच दोन आवर्ते खाली! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा सरांना सांगावेसे फार वाटले. तोवर ते राहिले नव्हते. आमच्याकडे एखादा नमुना बाकीच्यांशी जुळला नाही की नवी मुले तो 'आउट' म्हणून बाजूला टाकायला निघतात. मी त्यांना तो पुन्हा विरघळवायला लावते, त्यामुळे माझ्याविषयी काय बोलले जाते, तेही मला ठाऊक आहे.

निरोपानंतर मी शाळेत जाऊन आले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आता संगणक आहेत. अकरावी-बारावीची मुले शिकवणी वर्गांतून थेट परीक्षेलाच उगवतात, असे तिथल्या मॅडम म्हणाल्या. आयनीकरण ऊर्जेचे अपवाद त्यांना माझ्यापेक्षा भराभर येतात, आलेख मात्र कोणी काढत नाही. शिपाईदादांनी अडगळीतून सरांचा कापडी तक्ता शोधून काढला. तो १०३ व्या लॉरेन्सियमपाशी संपतो. त्यापुढे सरांनी पेन्सिलीने एक चौकोन आखून १०४ एवढाच आकडा लिहिला होता, कारण त्या मूलद्रव्याच्या नावावरून रशियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचे भांडण चालू होते आणि “ते मिटलं की नाव लिहू” असे ते म्हणत. भांडण १९९७ साली मिटले, नाव रुदरफोर्डियम ठरले; सर त्याआधीच निवृत्त झाले होते.

महोत्सव समितीला माझी विनंती आहे की हा तक्ता प्रदर्शनात काचेमागे लावावा. त्याच्या कडा शिवून घेण्याचा खर्च मी देईन. पेन्सिलीचा आकडा पुसट झाला आहे, तो कोणी पेनाने गिरवू नये आणि खाली नावही लिहू नये.