फॉर्मच भरू दिला नाही
आज घरी फरशीचं काम चालू होतं, मिस्त्री बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. दुपारी चहा घेताना निवडणुकीचा विषय निघाला आणि तो एकदम गप्प झाला. मग हळूहळू बोलला. २०१८ ला त्याच्या वहिनीला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, बीडीओ ऑफिसच्या अलीकडेच पोरं काठ्या घेऊन उभी, हातातली कागदं घेऊन फाडली आणि भावाला सांगितलं, बायकोला घरी घेऊन जा. पोलीस समोरच होते म्हणे.

मी नंतर जुन्या बातम्या काढून बसलो. त्या वर्षी बंगालमध्ये पंचायतीच्या जवळपास ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या, ५८ हजारांतल्या २० हजारांवर! कोलकात्याजवळच्या भांगरच्या काही उमेदवारांनी तर व्हॉट्सॲपवर अर्ज पाठवले आणि हायकोर्टाला ते घ्या म्हणून सांगावं लागलं. सुप्रीम कोर्टाने मात्र त्या बिनविरोध जागांची निवडणूक रद्द केली नाही. आणि हे तेव्हा सत्तेत असलेल्या एकट्या तृणमूलचं पाप नाही हां, डाव्यांच्या राज्यात २००३ लाही ११ टक्के जागा अशाच गेल्या होत्या. २०२३ ला परत तेच, कितीतरी माणसं मेली, मतपेट्या तळ्यात फेकल्या, ६९६ बूथवर फेरमतदान.

आपल्याकडे गाव बिनविरोध झालं की लगेच सत्कार, बॅनर, गुलाल. यापुढे मी तरी आधी विचारणार, की फॉर्म भरायला कोण निघालं होतं आणि त्याला कोणी अडवलं का.