तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रशच्या पोटातलं गणित

"सॉफ्टवेअर हाताला बसलंय, चित्रं होतायत, मग त्याच्या पोटातलं गणित कशाला शिकायचं?" नव्याने डिजिटल चित्रं काढणारे मला हे हमखास विचारतात. गणित कळलं की हात बिचकेल, अशी काहींना भीतीही वाटते.

मी स्वतः कितीतरी वर्षं त्यातलं काही न समजता चित्रं काढली. एकदा रात्रीच्या रस्त्याचं चित्र करताना लाल आणि हिरवा दिवा शेजारी काढले नि कडा ब्लर, म्हणजे धूसर केल्या. दोन्ही प्रकाश मिसळतात तिथे उजळ पिवळं दिसायला हवं होतं. आला मात्र मळकट, काळपट पट्टा. ब्रश बदलला, रंग बदलले, शेवटी पट्टा हाताने रंगवून झाकला. पुढेही तो झाकतच राहिले.

कारण फार उशिरा कळलं. ८ बिटच्या चित्रात लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश, असं मी धरून चालले होते. रंगांचे आकडे साठवायच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीत १२८ म्हणजे जेमतेम २२ टक्के प्रकाश; निम्म्यासाठी १८८ पर्यंत जावं लागतं. डोळ्यांना अंधारातले बारीक फरक जास्त जाणवतात, म्हणून पायऱ्या अंधाराकडे दाटीने मांडल्यात. चित्र साठवायला ही मांडणी उत्तमच. पण ब्लर करताना सॉफ्टवेअरने थेट या आकड्यांची सरासरी काढली, की लाल-हिरव्याच्या मधोमध १२८, १२८, ० येतं. पिवळाच, पण हवा त्याच्या निम्म्याहून कमी उजेडाचा.

उपाय असा, की आकडे आधी खऱ्या प्रकाशात बदलायचे, मग मिसळायचे, मग परत आणायचे. यालाच लिनिअर म्हणतात. गिम्प या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून आहे. फोटोशॉपचा ३२ बिट मोडही लिनिअरच. माझ्या मेनूतही तो शब्द पहिल्यापासून होता. अर्थ माहीत नव्हता, म्हणून नजर रोज त्याच्यावरून घसरून जायची. मला सगळ्यात लागलं ते हेच.

सगळंच गणित इतकं खोल लागत नाही. पेन टूल, म्हणजे बिंदू ठेवून रेघ आखायचं साधन. त्याच्या वक्ररेषा रेनो आणि सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपन्यांत अनुक्रमे बेझिए आणि द कास्तल्जो यांनी मोटारींच्या आकारांसाठी घडवल्या. त्यांचं सूत्र मला पाठ नाही. रेघ बिंदूतून हँडलच्या, म्हणजे बिंदूला जोडलेल्या ओढायच्या दांडीच्या दिशेनेच निघते, एवढं उमगलं आणि जिथे मी दहा बिंदू ठोकायचे तिथे चार पुरू लागले. हात बिचकला नाही, उलट मोकळा झाला.

आज जमलं तर काळ्या पार्श्वभूमीवर एक लाल आणि एक हिरवा चौकोन कडेला कड लावून काढा. ब्लर करा, आधी साध्या मोडमध्ये, मग लिनिअरमध्ये. मधला पट्टा मोठा करून बघा.