साडेचार हजारांचा ओरखडा
आज सकाळी पौड रोडला सिग्नलवर उभा असताना मागून एका टेम्पोने अलगद टेकवलं. "काका, काही नाय झालं," म्हणत पोरगा निघूनही गेला. उतरून बघतो तर बंपरच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर ओरखडा आणि टेम्पोचा निळा रंग.

गॅरेजवाल्याने थुंकी लावून अंगठ्याने घासलं. निळा रंग गेला, खालचा काळा प्लॅस्टिक दिसायला लागला. "रंगकाम, फिटिंग धरून ५२००. क्लेम टाकू का?"

तोंडात 'हो' आलंच होतं. पॉलिसी काढून बसलो. गाडी १५०० सीसीच्या आतली, म्हणजे पहिले १००० माझेच. रंगाच्या खर्चातून विमा कंपनी करते ती कपात धरलीच नाही तरी हातात येणार जास्तीत जास्त ४२००. चार वर्षं क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ४५ टक्के. यंदा सुटलो तर नूतनीकरणाला ५० टक्के. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम ९००० धरला तर साडेचार हजारांची सूट. क्लेम केला की शून्य, आणि पुन्हा २० पासून चढण. (थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर हा बोनस नसतोच, मी इतकी वर्षं सगळ्यावर धरत होतो!)

बायको म्हणाली, "मग इन्शुरन्स भरायचा कशाला?" समोरची काच फुटली किंवा दार चेपलं असतं तर डोळे झाकून क्लेम केला असता, म्हटलं.

गॅरेजवाला आता ४५०० म्हणतोय. शनिवारी गाडी टाकतोय.