रजिस्टरात ६४, स्क्रीनवर २४: लॅबचे पीसी मोजतानाचा माझा अनुभव

मी कॉलेजात लॅब असिस्टंट. गेल्या वर्षी मार्चमध्ये भांडारवाल्या साहेबांनी डेड स्टॉक रजिस्टर (कॉलेजच्या कायम सामानाची नोंदवही) टेबलावर आपटलं, म्हणाले ६४ पीसी आहेत ते दाखवा, कुठल्यावर काय सॉफ्टवेअर आहे तेही, आणि विंडोज ११ किती घेतील सांगा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता ना, म्हणून घाई. दरवर्षी मी टेबलाखाली घुसून मोबाईलच्या टॉर्चमध्ये सिरियल नंबर लिहून घ्यायचो, कंबर जायची. म्हणून त्या वेळी ओसीएस इन्व्हेंटरी बसवलं, नेटवर्कवरच्या पीसींची माहिती आपोआप गोळा करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, एका जुन्या मशीनवर उबुंटू टाकून सर्व्हर केला, दिवसात झालं.

आणि स्क्रीनवर आले २४ पीसी. दुसऱ्या दिवशीही २४. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की बाकीचे ४० मी घरीच नेलेत! तीन दिवस केबल काढ, स्विच बदल, फायरवॉल बघ. पिंग सगळ्यांना जातंय, म्हणजे नेटवर्कवर सगळे उत्तर देतायत. चार ठिकाणी एजंट (प्रत्येक पीसीवरून सर्व्हरला माहिती पाठवणारा ओसीएसचा छोटा प्रोग्राम) परत टाकला, आकडा ढिम्म. चौथ्या दिवशी चहा पिताना सहज रिफ्रेश केलं तर सकाळी ४ जीबी रॅम दाखवणारा पीसी आता ८ जीबी दाखवतोय, नावही वेगळं! तेव्हा ट्यूब पेटली. मोठ्या लॅबमध्ये ४२ ठिकाणी एजंट कोण टाकत बसणार म्हणून मी एका पीसीवर सगळं सेट करून तीच इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) बाकीच्यांवर क्लोन केली होती. एजंट स्वतःची ओळख ओसीएसइन्व्हेंटरी.डॅट फाईलमध्ये ठेवतो (प्रोग्रामडेटात, लपलेलं फोल्डर), तीसुद्धा क्लोन झाली. म्हणजे ४२ जण एकाच ओळखीवर हजेरी लावत होते. एजंटची सर्व्हिस थांबवून ती फाईल उडवा आणि परत चालू करा, नवी ओळख मिळते. इमेज काढायच्या आधीच उडवली असती तर आठवडा वाचला असता.

हां, अजून एक, सॉफ्टवेअरची यादी स्क्रिप्टने काढणार असाल तर विन३२_प्रॉडक्ट (विंडोजची सॉफ्टवेअर विचारायची एक सोय) वापरू नका, ते प्रत्येक इन्स्टॉलर तपासत बसतं आणि पीसी रडतो, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) अनइन्स्टॉलची यादी वाचा. आणि असेंबल्ड मशीनचा सिरियल नंबर बघून डुप्लिकेट मर्ज करू नका. आमच्या १७ मशीनना नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ (म्हणजे ‘बनवणारी कंपनी भरेल’) एवढंच आहे, मी शहाण्यासारखं मर्ज दाबलं आणि परत १६ गायब. ते शब्द ओसीएसच्या ब्लॅकलिस्टमध्ये टाका, मॅक अ‍ॅड्रेसवर (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) जुळवा.

विंडोज ११ चं सोपं निघालं, इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या जनरेशनचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं, आमची मोठी लॅब चौथ्या जनरेशनची, अख्खी बाद.

शेवटी आकडा आला ६५. हो, एक जास्त! माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला पीसी कोणी रजिस्टरात चढवलाच नव्हता. आता साहेब माझ्याकडून त्याचा लेखी खुलासा मागतायत.